स्वस्त सेमी-हॉलो गिटार घ्यावी का? आणि घेतलीच तर विदर्भाच्या उन्हात ती लावायची कशी

गेल्या मे महिन्यात दारव्ह्याकडचा एक मुलगा कोरी सेमी-हॉलो गिटार घेऊन माझ्याकडे आला. पार्सल येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. "दादा, डबडं निघालं हे. पैसे पाण्यात गेले." नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या कडेवरून बोट फिरवलं तर फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची टोकं करवतीच्या दातांसारखी लागत होती. पहिल्या पाच फ्रेटवर तार झणझणत होती. झणझण जावी म्हणून त्यानं ब्रिज (अंगावरचा, तारा टेकतात तो आधार) वर चढवला, मग तारा दाबवेनात म्हणून ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक राखणारी सळई) कसला, आणि रॉड कसल्यावर झणझण आणखी वाढली. गिटारमध्ये दोष काहीच नव्हता. कुरियरच्या गाडीत तापलेला खोका दुपारी दोन वाजता अंगणात उघडला आणि गिटार थेट कूलरसमोर भिंतीला टेकवून ठेवली, एवढंच झालं होतं. पंधरा दिवस बॅगेत ओलसर स्पंजसोबत ठेवली, रॉड अर्धा फेरा सैल केला, ब्रिज खाली घेतला. आज तो मुलगा तीच गिटार भजनी मंडळात वाजवतो.

घ्यावी की नाही, याचं माझं उत्तर "घ्या" असंच आहे. या लेखात स्वस्त म्हणजे साधारण २५ ते ५० हजारांची गिटार. या किमतीत आज मिळणारं लाकूडकाम आणि पिकअप (तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारे भाग) खरोखर चांगले असतात. कारखान्यात वेळ वाचवला जातो तो शेवटच्या जुळवणीत, म्हणजे सेटअपमध्ये, आणि ते काम आपल्याला करावं लागतं. ते योग्य क्रमानं करायची तयारी असेल तर पैसे वसूल होतात.

टप्पा १ : आधी वाजवणार काय ते ठरवा

सेमी-हॉलो म्हणजे पातळ, पोकळ अंगाची गिटार. वरच्या फळीवर f आकाराची दोन भोकं, म्हणजे एफ-होल, आणि आत मधोमध लाकडाचा लांब ठोकळा. या ठोकळ्याला सेंटर ब्लॉक म्हणतात. तारांचा ताण तो पेलतो आणि पोकळ अंगाचं घुमणं आवरतो. आवाज गोल, थोडा हवेशीर. जुन्या सिनेगीतांची साथ, गझल, भावगीत, भजन, ब्लूज, जॅझ, स्वच्छ कॉर्ड यासाठी ती फार गोड वाजते. आणखी एक फायदा आपल्याकडच्यांनाच कळेल: वीज गेली तरी शांत खोलीत ती रियाजापुरती ऐकू येते. भरीव गिटार तेव्हा जवळजवळ मुकी होते.

नको कोणाला? ज्यांना सगळं वादन जोरदार डिस्टॉर्शनवर, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजात करायचं आहे त्यांना, आणि ज्यांना डीजेच्या बेसच्या भिंतीसमोर उभं राहून वाजवावं लागतं त्यांना. तिथे ही गिटार शिट्ट्या मारेल आणि तुम्ही तिला दोष द्याल.

टप्पा २ : सगळे पैसे गिटारीत घालू नका

सर्वात जास्त चुका इथेच होतात. हातात ४० हजार असले की ४० हजारांची गिटार घेतली जाते, आणि मग ती मोबाइलच्या ब्लूटूथ स्पीकरला जोडायची खटपट सुरू होते. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, त्यावर ताल धरताच येत नाही.

बजेटमधून आधी हे बाजूला काढा: छोटा ॲम्प, बरी केबल, जाड अस्तराची बॅग, तारांचे दोन जादा संच आणि डिजिटल हायग्रोमीटर. हायग्रोमीटर म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, काहीशे रुपयांत मिळतं. उरलेल्या पैशांत बसेल ती गिटार. ३० हजारांची गिटार आणि १० हजारांचं सामान ही जोडी नुसत्या ४० हजारांच्या गिटारीपेक्षा कधीही उजवी.

सावध: साधी इलेक्ट्रिक गिटारची बॅग हिला पुरत नाही. मोठ्या सेमी-हॉलोचं अंग सुमारे १६ इंच रुंद असतं. बॅग घेताना "सेमी-हॉलोसाठीच" असं विचारून घ्या.

टप्पा ३ : महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाचे पैसे येत असतात, आणि हवाही लाकडाला मानवणारी असते. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता बरी. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा पार कोरडी पडते. अशा हवेत आलेल्या नव्या गिटारचं खरं रूप तुम्हाला पहिले दोन आठवडे कळतच नाही, आणि परत करायची मुदत बहुधा त्याच्या आतच संपते. घाई नसेल तर एप्रिल-मेची ऑर्डर पुढे ढकला.

टप्पा ४ : वर्णन नीट वाचा

जाहिरातीत "सेमी-हॉलो" लिहिलं म्हणजे आत ठोकळा असेलच असं नाही. एपिफोनची कॅसिनो दिसायला अगदी तशीच, पण ती पूर्ण पोकळ आहे. आयबनेझच्या आर्टकोर मालिकेत एएस नावाच्या गिटारी सेमी-हॉलो आहेत, तर एएफ नावाच्या पूर्ण पोकळ. एका अक्षराची चूक आणि स्टेजवर घुमणारी गिटार घरी येते.

या किमतीच्या आसपास पाहण्यासारखी नावं: आयबनेझ एएस मालिकेतली खालची मॉडेलं, एपिफोनच्या ३३५ आणि ३३९ घाटाच्या गिटारी, ग्रेचची स्ट्रीमलायनर सेंटर ब्लॉक आणि स्क्वायरची स्टारकास्टर. ३३९ चा घाट लहान आहे. एसटीनं ये-जा करणाऱ्याला मी तोच सुचवतो.

अंग लॅमिनेटचं, म्हणजे थर चिकटवून केलेल्या फळीचं आहे म्हणून नाक मुरडू नका. अकूस्टिक गिटार घेताना "सॉलिड टॉप घे" असा सल्ला मिळतो, तो इथे लावू नका. या घाटाच्या महागड्या गिटारीसुद्धा बहुतेक लॅमिनेटच्याच असतात, आणि आपल्या उन्हाळ्यात थरांची फळी एकसंध फळीपेक्षा कमी तडकते. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या वर्णनात "इंडियन लॉरेल" दिसलं तर तो आपल्याच जंगलातला ऐन. मेळघाटात, गडचिरोलीत उभा असतो तो. लाकूड टणक आहे, पण कोरड्या हवेत तेही आक्रसतं. पुढे त्याचं काम पडणार आहे.

पिकअप दोन्ही हमबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचे असावेत. आपल्याकडची वायरिंग, ट्रान्सफॉर्मर, जवळपासच्या मोटारी यांची ५० हर्ट्झची घरघर हमबकर बरीचशी खाऊन टाकतात. एकाच गुंडाळीचे सिंगल कॉइल पिकअप ती जशीच्या तशी ॲम्पमध्ये पाठवतात.

टप्पा ५ : खोका आला, आता उघडू नका

तालुक्याच्या गावापलीकडे मोठी पार्सलं बऱ्याचदा येत नाहीत, म्हणून लोक नागपूर-अमरावतीच्या नातेवाइकाचा पत्ता देतात. चालेल, पण परत करायची मुदत त्या दारात खोका पोचल्यापासून मोजली जाते. आत्याकडे पंधरा दिवस पडून राहिला तर मुदत गेली. ऑर्डर देण्याआधी ती किती दिवसांची आहे ते वाचा आणि त्या आठवड्यात आणायला जाण्याची सोय करा.

१. खोका घरातल्या सावलीच्या खोलीत आडवा ठेवा. कूलरच्या झोतात नको, पत्र्याखाली नको.
२. किमान २४ तास तसाच बंद राहू द्या. थंड-गरम एकदम झालं की पॉलिशला बारीक तडे जाऊ शकतात.
३. उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. आधी पत्त्याची चिठ्ठी, मग खोक्याच्या सहाही बाजू, मग आतलं सामान. व्हिडिओ मध्ये थांबवला तर तक्रारीत त्याला किंमत राहत नाही.

टप्पा ६ : परत करायची की ठेवायची, हे आधी

सेटअपला हात लावण्यापूर्वी ही तपासणी. स्क्रू फिरवल्यावर दुकानदार "तुम्हीच बिघडवली" म्हणू शकतो. नागपुरात दुकानात बसून घेत असाल तरी हाच क्रम, फक्त तिथेच करा.

*नेकचं डोकं.* नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला असलेल्या तारांच्या खाचांच्या पट्टीच्या मागे, डोकं जिथून मागे झुकतं तिथे मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. केसासारखी रेघ दिसली तर परत. पार्सलमध्ये अशा गिटारी मोडतात त्या बहुधा इथेच.

*सेंटर ब्लॉक.* एफ-होलमधून टॉर्च मारा. मधल्या बाजूला लाकडाची उभी भिंत दिसली पाहिजे.

*ब्रिजची उंची.* ही तपासणी जवळजवळ सगळे विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. ब्रिज पार खाली टेकलेला असूनही १२ व्या फ्रेटवर तारा उंच असतील, तर बहुधा नेकच चुकीच्या कोनात चिकटवलेली आहे. चिकटवलेली नेक स्वस्तात दुरुस्त होत नाही. उलट ब्रिज खूप उंच आणि तरीही तारा फ्रेटला टेकत असतील, तरी तेच. दोन्हीकडे सरकायला जागा हवी.

*फ्रेट.* एटीएम कार्डाची कड एका वेळी तीन फ्रेटवर ठेवून डुलवा. टकटक झाली तर मधला फ्रेट उंच. एखादा किंचित उंच असेल तर चालून जातं, चार-पाच असतील तर परत.

*वायरिंग.* दोन्ही पिकअप, स्विचच्या तिन्ही जागा आणि प्रत्येक नॉब ॲम्पवर फिरवून पाहा. भरीव गिटारला सहसा उघडता येईल असं झाकण असतं. इथे बहुतेकदा सगळं काम एफ-होलमधून ओढून करावं लागतं, म्हणून आतला बिघाड महागात पडतो. खरखर करणारा नॉबसुद्धा आत्ताच सांगा.

तपासा: फ्रेटची टोकं बोचतात का? एवढ्याच कारणासाठी परत करू नका, आणि लगेच कानसही लावू नका. ते टप्पा ८ मध्ये.

टप्पा ७ : सेटअप, याच क्रमानं

आधीची गोष्ट बदलली की पुढची आपोआप बदलते, म्हणून क्रम मोडायचा नाही. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) आधी लावून मग ट्रस रॉड फिरवणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात.

हत्यारं फार लागत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, गिटारसोबत आलेली ट्रस रॉडची चावी, कॅपो (फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) आणि फिलर गेज. फिलर गेजसाठी शहरात जायची गरज नाही. मोटरसायकल मेकॅनिक टॅपेट लावायला वापरतो त्याच त्या पत्त्या. पाच मिनिटं मागून घ्या, फक्त वंगण पुसून.

१. *तारा.* कोऱ्या १०-४६ जाडीच्या चढवा. एका वेळी एकच तार काढा. सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज आणि टेलपीस (तारांची टोकं अडकवलेली पट्टी) सुटून खाली पडतात आणि पॉलिशला टोच पडते. तारा ताणून, पुन्हा सुरात लावून, रात्रभर राहू द्या.

२. *नेकचा बाक.* कॅपो पहिल्या फ्रेटवर, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता ७ व्या-८ व्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये ०.२० ते ०.२५ मिलिमीटरची पत्ती सरकली पाहिजे. तार हलता कामा नये. फट जास्त असेल तर चावी घड्याळाच्या दिशेनं, नसेलच तर उलट. एका वेळी फक्त पाव फेरा. मग सुरात लावा, तास-दोन तास थांबा, पुन्हा मोजा.

सावध: चावी जड लागली की थांबा. जोर लावून फिरवलेला रॉड तुटला तर नेकच जाते. आणि झणझण फक्त पहिल्या पाच फ्रेटवर असेल तर रॉड कसायचा नाही, सैल करायचा. दारव्ह्याच्या मुलानं नेमकं उलटं केलं होतं.

३. *नट.* तिसरा फ्रेट दाबा, पहिल्या फ्रेटवर तारेखाली केसभर फट दिसावी. जास्त असेल तर खाच खोल करावी लागते. ते अनुभवी माणसाकडून करून घ्या, एकदा घासलेलं परत येत नाही. सूर लावताना "टिक" असा आवाज येत असेल तर खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, एवढं पुरतं.

४. *ॲक्शन, म्हणजे तारांची उंची.* १२ व्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिलिमीटर, बारीक तारेखाली १.५. ब्रिजच्या दोन चाकांनी लावा. चाक फिरवण्याआधी तारा थोड्या सैल करा.

५. *पिकअपची उंची.* शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत २ मिलिमीटरच्या आसपास. मग कानानं.

६. *इंटोनेशन, सगळ्यात शेवटी.* १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (त्या तारेचा टेकू) मागे, टेलपीसकडे. उतरा असेल तर पुढे. प्रत्येक फिरवणीनंतर तार पुन्हा सुरात. जुन्या गंजलेल्या तारांवर हे करू नका, उत्तर खोटंच येतं.

टप्पा ८ : उन्हाळा आणि पावसाळा

मार्चअखेर हायग्रोमीटर बॅगेत टाका. आकडा ४० च्या खाली गेला की साबणाच्या प्लास्टिक डबीला भोकं पाडा, ओला करून घट्ट पिळलेला स्पंज त्यात ठेवा आणि डबी बॅगेत नेकजवळ ठेवून चेन लावा. एफ-होलमधून आत काही ओलं टाकू नका, तिथे वायरी आहेत.

कूलरबद्दल माझ्याशी खूप जण वाद घालतात. कूलरची खोली गिटारला वाईट नाही, उलट उन्हाळ्यात घरातली तीच बरी जागा. वाईट आहे तो थेट झोत आणि उघडी गिटार. दिवसा कूलरची ओल आणि रात्री तो बंद झाल्यावर कोरडी हवा, या हेलकाव्यानं नेक रोज हलते. त्याच खोलीत, झोतापासून दूर, बॅग बंद.

फ्रेटची टोकं बोचतात म्हणजे लाकूड आक्रसलं आणि धातू तेवढाच राहिला. दोन आठवडे ओलाव्यात ठेवल्यावर बरीचशी टोकं आत जातात. उरलेलीच बारीक कानसेनं मारून घ्यावी. मे महिन्यात सगळी घासून टाकली तर पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि बारीक तार कडेवरून घसरायला लागते.

फ्रेटबोर्डला खोबरेल किंवा गोडतेल लावू नका. ते खवट होतं, चिकटतं, धूळ धरतं. गिटारसाठी मिळणारं लिंबू तेल वर्षातून दोनदा, दोन थेंब, लगेच पुसून.

जुलैत उलट होतं. लाकूड ओल पितं, नेकचा बाक वाढतो, तारा उंच होतात. पाऊस बसल्यावर पंधरा दिवसांनी पत्ती लावून बाक मोजा आणि गरज असेल तर रॉड पाव फेरा घट्ट करा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बाकीच्या वर्षात रॉडला हात लावायची गरज सहसा पडत नाही.

प्रवासात गिटार एसटीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीही नाही. मांडीवर घेऊन बसा, लोक जागा देतात.

टप्पा ९ : वीज आणि मंडप

हा भाग जिवाशी संबंधित आहे, म्हणून गाळू नका. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल किंवा बोर्ड चुकीचा जोडला असेल, तर तारांवर हात आणि ओठ माइकला, असा सरळ शॉक बसू शकतो.

१. ॲम्पची तिसरी, जाड पिन कधीही तोडू नका. दोन पिनांच्या सॉकेटमध्ये जबरदस्तीनं घालू नका.
२. घरी अर्थिंग नसेल तर वायरमनकडून कोळसा-मिठाचा खड्डा करून घ्या. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा, कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही.
३. मंडपात ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. जनरेटर असेल तर हे जास्तच कडक पाळा.
४. गाण्याआधी टेस्टरचं टोक माइकच्या जाळीला आणि मग गिटारच्या तारेला लावा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि ॲम्प गुरगुरतो. स्टॅबिलायझर लावा.

गिटार घुमायला लागली तर आधी स्पीकरपासून लांब व्हा, मग अंग तिरकं करा, मग गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी करा, त्यानंतर ॲम्पचा बेस. बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीपर्यंत काम होतं. तरीही थांबली नाही तर एफ-होलच्या मापाचे फोमचे तुकडे कापून बसवा. प्रत्येकाला दोरा बांधा, म्हणजे आत पडले तरी ओढून काढता येतात. कापूस कोंबू नका, तो नॉबच्या खाली जाऊन बसतो.

टप्पा १० : जॅकचं नट

महिन्यातून एकदा जॅकचं, म्हणजे गिटारमध्ये केबल घालतो त्या खोबणीचं, नट सैल झालं का ते पाहा. सैल असेल तर केबलची पिन जॅकमध्ये घालून एका बाजूला दाबून धरा आणि मगच नट कसा. पिन न धरता कसलं तर आत जॅक फिरतो, वायर पिळते आणि तुटते.

नट पडलं आणि जॅक आत गेला तर घाबरू नका. जॅकच्या भोकातून जाड दोरा आत सोडा आणि एफ-होलमधून वाकवलेल्या तारेनं त्याचं टोक बाहेर काढा. जॅकही एफ-होलशी ओढून आणा. दोरा त्याच्या तोंडातून आत घालून मागच्या बाजूनं काढा आणि मागे आलेल्या टोकाला काडेपेटीच्या काडीचा तुकडा आडवा बांधा. आता भोकाकडचा दोरा हळूहळू ओढला की जॅक आपल्या जागी येतो. दोऱ्यावरूनच वॉशर आणि नट सरकवा, नट घट्ट करा, दोरा कापा, आणि गिटार उलटी करून काडी एफ-होलमधून झटकून टाका.